बदामाचं लाल पान

श्रोतेहो, जानेवारी सरत आला की आपल्या गल्लीतल्या देशी बदामाखाली लाल पानांचा सडा पडतो. सकाळी खराटा फिरतो, ढीग होतो आणि त्याला काडी लागते. माझी विनंती एवढीच, की काडी लावण्याआधी त्यातलं एक पान उचला आणि उन्हाकडे धरून बघा.

चिनार बघायला काश्मीरपर्यंत जाणारी माणसं दारातल्या बदामाकडे मान वर करून बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडची पानगळ थंडीपेक्षा पाणीटंचाईची. जमीन सुकू लागली की पानांतून उडून जाणारं पाणी झाडाला परवडत नाही, मग ते पानं सोडतं. पण कसं सोडतं? भाड्याचं घर सोडणाऱ्या संसारी बाईसारखं! आधी डबे-भांडी हलवायची; म्हणजे पानातला नायट्रोजन, फॉस्फरस फांदीत परत न्यायचा. मग हरितद्रव्य मोडतं, आणि कपाट हलवल्यावर मागची भिंत दिसावी तसा पिवळा रंग दिसतो. तो आधीपासून तिथेच होता. लाल मात्र नवा. निघता निघता भिंतीला दिलेला रंगाचा हात. शेवटी देठाशी पेशींचा थर तयार होतो, दार लागतं, पान गळतं.

चित्र काढणाऱ्या मुलांनो, पानाची कड आधी गिरवू नका. कड काढली की आत एकच लाल भरला जातो. पान उन्हाकडे धरा. पुन्हा सांगते, उन्हाकडे धरा! शिरांलगत हिरवा रेंगाळलेला दिसेल, मध्ये नारिंगी, किड्याने पाडलेल्या भोकाभोवती जांभळट कड. कागद ओला करा, पिवळा सोडा आणि तो ओला असतानाच लाल टेकवा. रंगांना आपलं आपण मिसळू द्या. आणि हे त्याच दिवशी करा, वाळलं की पान तपकिरी पडतं.

कुसुमाच्या झाडाची तऱ्हा उलटी. मार्चच्या सुमारास त्याची कोवळी पालवीच लालभडक येते आणि मग हिरवी होते. सह्याद्रीत जाल तेव्हा तीही उन्हाकडे धरा. तिथे गळलेलं पान शोधायचीसुद्धा गरज...

वेळ संपत आली आणि पिंपळाच्या पानाची जाळी कशी करायची ते राहिलंच. पान पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. गर कुजून सुटा झाला की मऊ ब्रशने अलगद काढा. पान ताटलीतच असू द्या, हातात धरलं तर शिरा तुटतात.