खुराक आणि उत्तेजके

बेळगावजवळच्या पिरनवाडीपासून निपाणीवरून कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या मुलखात ‘खुराक’ या शब्दाला मोठा मान आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि पहाटेचे जोर-बैठका यांनी शरीर वर्षानुवर्षे घडवावयाचे, ही तालमीची शिकवण. ही वाट लांबची खरी. परंतु ती टाळू पाहणाऱ्यांचा इतिहास काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे.

१९०४ साली सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या टॉमस हिक्स यास त्याच्या साहाय्यकांनी वाटेत स्ट्रिक्निन, म्हणजे कुचल्याच्या बियांतील विष, ब्रँडीबरोबर पाजले. अर्धमेल्या अवस्थेत त्याने शर्यत जिंकली. त्या वेळी त्यास मनाई करणारा नियमच नव्हता. १९६७ साली फ्रान्समधील सायकल शर्यतीत घाट चढताना टॉम सिम्प्सन कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली.

तोवर दुसरे एक औषध प्रचारात आले होते. स्नायू वाढविणारे मेथँडिएनोन हे स्टेरॉइड १९५८ मध्ये ‘डायनाबॉल’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आले. रुग्णांसाठीचे हे औषध वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या हाती गेले. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडांची तपासणी १९७६ साली सुरू झाली. १९८८ मध्ये सोल येथे बेन जॉन्सनने शंभर मीटर अंतर ९.७९ सेकंदांत तोडले. तीन दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. त्यानेही स्टेरॉइडच घेतले होते.

हे सारे परदेशात घडले, असे समाधान मानण्यास जागा नाही. महाराष्ट्र केसरीची गदा लागोपाठ तीनदा पटकावणारा नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला होता. जाण्यापूर्वीच्या तपासणीत त्याच्या शरीरात तेच मेथँडिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात ते कोणी तरी कालविले, असे त्याचे म्हणणे होते. भारतातील शिस्तपालन समितीने ते ग्राह्य धरून त्यास मोकळे केले. परंतु जागतिक संस्थेने अपील केले आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट रोजी, क्रीडा लवादाने ते म्हणणे पुराव्याअभावी अमान्य करून त्यास चार वर्षांची बंदी घातली.

या निकालामागील तत्त्व प्रत्येक पहिलवानाने ध्यानी धरावे. शरीरात जे सापडेल त्याचा जबाब खेळाडूनेच द्यावयाचा. ते कसे आले हेही त्यानेच सिद्ध करावयाचे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही.

आज खेड्यातील मुलापर्यंतही पावडरीचे डबे पोहोचतात. आतील सर्व द्रव्ये वरच्या कागदावर लिहिलेली असतातच असे नाही. स्टेरॉइडांनी दंड फुगतात. पण यकृतास इजा पोहोचते, पुरुषाचे वीर्य क्षीण होते आणि वाढत्या वयाच्या मुलाची उंची अकाली खुंटते. म्हणून जोर किती मारले याबरोबरच डब्यात काय आहे, हेही वस्तादाने आणि आईबापांनी विचारले पाहिजे. महिन्या-दोन महिन्यांत अंग भरून आलेल्या मुलाचे कौतुक करण्यापूर्वी त्याची विचारपूस करणे, हे त्याच्या हिताचेच आहे.