ज्ञानाचे गायरान

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या व्यवसायात असलेल्या तरुणांशी बोलताना एक विचार माझ्या वारंवार कानी येतो. राजकारण हा बरबटलेला व्यवहार आहे. आम्ही त्यापासून दूर राहून उत्तम सॉफ्टवेअर लिहू, ते सर्वांना मोकळेपणाने देऊ, आणि समाज त्यातून आपोआप सुधारेल, असे ते म्हणतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. मात्र या श्रद्धेत एक मोठी पळवाट आहे, आणि ती त्याच क्षेत्रातल्या एका अमेरिकन तरुणाने फार लवकर ओळखली होती. ॲरन स्वार्ट्झ हे त्याचे नाव. १९८६ च्या नोव्हेंबरात तो जन्मला आणि ११ जानेवारी २०१३ रोजी, फौजदारी खटला डोक्यावर असताना, न्यूयॉर्कमध्ये त्याने आत्महत्या केली. तेव्हा त्याचे वय होते सव्वीस. त्याचे चरित्र सांगणे हा माझा हेतू नाही. त्याचे विचार लोकशाही समाजवादाच्या कसोटीवर घासून पाहावेत, एवढ्यासाठी मी त्याचा विषय काढला आहे.

तो ज्या परंपरेत वाढला ती आधी समजून घेतली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. जो माणूस यंत्र वापरतो त्याला त्या यंत्राला दिलेल्या आज्ञा वाचता आल्या पाहिजेत, बदलता आल्या पाहिजेत आणि शेजाऱ्याला देता आल्या पाहिजेत, हे त्यांचे सूत्र. ते उघडपणे नैतिक सूत्र होते. १९८९ मध्ये त्यांनी जो सार्वजनिक परवाना तयार केला, त्यातील युक्ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावी. खाजगी मालकीचे रक्षण करणारा स्वामित्वहक्काचा कायदाच त्यांनी सामायिक मालकीच्या रक्षणाला जुंपला. या संहितेत बदल करून ती वितरित करणाऱ्याने पुढच्या माणसालाही तेच हक्क दिले पाहिजेत, अशी अट त्यांनी घातली. गायरानात गुरे चारा, पण कुंपण घालू नका, असाच या अटीचा अर्थ.

पुढे १९९८ मध्ये काही मंडळींना वाटले की स्वातंत्र्य, नीती असल्या शब्दांनी उद्योगपती बिचकतात. म्हणून ‘ओपन सोर्स’ ही नवी पाटी लावण्यात आली आणि कार्यक्षमतेची भाषा सुरू झाली. उद्योगपती बिचकले नाहीत हे खरेच. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट चौतीस अब्ज डॉलरना घेतली. या रकमांच्या पाठीशी हजारो लोकांचे विनावेतन श्रम उभे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका लहानशा घटकात भगदाड सापडले, तेव्हा जगभरच्या बलाढ्य कंपन्यांची यंत्रणा त्यावर विसंबून असल्याचे उघड झाले, आणि तो घटक सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक. नीतीची पाटी काढली की श्रमाचा प्रश्नही दिसेनासा होतो, हे येथे नोंदवून पुढे जातो.

स्वार्ट्झला हा श्रमाचा प्रश्न दिसत होता. चौदाव्या वर्षी तो आरएसएस या माहिती-प्रसारणाच्या पद्धतीचा एक आराखडाकार होता. पुढे क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांच्या तांत्रिक उभारणीत त्याचा हात होता. पण मला त्याचे २००६ मधले एक छोटेसे संशोधन या दोहोंपेक्षा महत्त्वाचे वाटते. विकिपीडियाचे संस्थापक सांगत असत की, त्या ज्ञानकोशातील निम्म्याहून अधिक संपादने पाचशेच्या आसपास माणसे करतात. स्वार्ट्झने संपादनांची संख्या मोजण्याऐवजी कोणी किती मजकूर घातला आणि त्यातला किती टिकला हे मोजले, आणि चित्र उलटे निघाले. मजकूर बहुतांशी येऊन-जाऊन असणाऱ्या, नावगाव नसलेल्या असंख्य लोकांनी लिहिला होता. आतले पाचशे लोक त्याची झाडलोट आणि मांडामांड करीत होते. एकोणीस वर्षांच्या मुलाने हा प्रश्न विचारावा याचे मला आश्चर्य वाटते. मूल्य कोण निर्माण करतो आणि श्रेय कोण घेतो, हाच तो प्रश्न. आमच्या विद्याशाखेत त्यावर ग्रंथांचे ढीग आहेत. त्याने तो एका दुपारच्या आकडेमोडीत पकडला.

२००८ साली त्याने ‘गनिमी मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा’ लिहिला. माहिती ही सत्ता आहे, आणि ती सत्ता मूठभर प्रकाशनसंस्थांच्या कुलुपात आहे. ज्यांना आतला प्रवेश आहे त्यांनी बाहेरच्यांसाठी दारे उघडली पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. ज्या लोकांनी पैसा पुरविला त्यांनाच त्या पैशाचे फळ नाकारले जाते, हे या तक्रारीचे मूळ. महाराष्ट्राला ही तक्रार नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो, याकडे बोट दाखविले होते. संशोधनाच्या बाबतीत आज तेच घडते. प्रयोगशाळेचा खर्च सरकार करते, संशोधकाचा पगार सरकार देते, लेख तपासणारे विद्वान बहुधा विनामूल्य तपासतात. आणि छापलेला लेख तेच सरकार प्रकाशकाकडून विकत घेते. एल्सेव्हिअर ज्या उद्योगसमूहाची आहे त्याच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या सदतीस-अडतीस टक्के असतो. कच्चा माल फुकट, कारागीर फुकट आणि गिऱ्हाईक सक्तीचे, असा धंदा आमच्या मारवाडी सावकारालाही कधी साधला नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. मी गायरानाची उपमा दिली, पण ती एका जागी लंगडी पडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले ते कुरणे, मासेमारी, पाटबंधारे अशा सामायिक साधनांच्या अभ्यासाबद्दल. कुरणातले गवत चरले की कमी होते, म्हणून तेथे नियम लागतात. लेख वाचला म्हणून कमी होत नाही, आणि त्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च आता जवळजवळ शून्य आहे. ज्या वस्तूची सीमांत किंमत शून्य तिला कुंपण घालणे हे टंचाई निर्माण करणे आहे. अर्थात पहिल्या प्रतीचा खर्च खराच असतो; संपादन, छाननी, जतन यांना पैसा लागतो. तो कोणी द्यायचा हे समाजाला ठरवावे लागते, आणि ते ठरविणे म्हणजेच राजकारण.

आता त्या खटल्याकडे येतो. सप्टेंबर २०१० पासून स्वार्ट्झने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या जाळ्यातून जेस्टोर या नियतकालिक-संग्रहातील सुमारे अठ्ठेचाळीस लाख लेख उतरवून घेतले. आपल्या मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंकही या संग्रहात आहेत, म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळांवरचे आणि शेतमजुरांवरचे लेखन वाचायलाही त्याच फाटकातून जावे लागते. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. लेख त्याने परत केले, जेस्टोरने त्याच्याशी तडजोड करून विषय मिटविला. पण सरकारी वकिलांनी मिटविला नाही. चोरी ती चोरीच, मग हत्यार पहार असो की संगणकाची आज्ञा, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर २०१२ पर्यंत आरोपांची संख्या तेरा झाली. त्यांना आधार मुख्यतः संगणक-गैरवापराच्या १९८६ च्या कायद्याचा, म्हणजे आरोपीच्याच वयाच्या कायद्याचा. सर्व गुन्हे कबूल केल्यास सहा महिन्यांच्या कैदेचा प्रस्ताव होता. त्याने तो नाकारला.

त्याचे चाहते या कृतीला सत्याग्रह म्हणतात. मला हे नाव सहज देता येत नाही. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार हे कळविले आणि ६ एप्रिलला दांडीला दिवसाढवळ्या मीठ उचलले. स्वार्ट्झच्या जाहीरनाम्यातही उजेडात येऊन कायदेभंग करण्याची भाषा आहे. प्रत्यक्षात तो तारांच्या एका खोलीत सायकलचे शिरस्त्राण तोंडापुढे धरून शिरला. त्या लेखांचे तो काय करणार होता, हे न्यायालयात कधी सिद्ध झालेच नाही. तरीही गुप्ततेचा दगड त्याच्यावर भिरकावण्यापूर्वी आपण आपले घर पाहावे. १९४२ साली अच्युतराव पटवर्धन आणि अरुणा असफ अली भूमिगत होते. उषा मेहता यांचे गुप्त रेडिओ-केंद्र ऑगस्ट ते नोव्हेंबर मुंबईत जागा बदलत चालू होते. तेही त्या काळचे तंत्रज्ञानच. गांधीजींना ही गुप्तता मान्य नव्हती, आणि १९४४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. समाजवाद्यांनी त्यांच्याशी वाद घातला. तो वाद आपल्या परंपरेत मिटलेला नाही. पण भूमिगतांमागे एक देश होता. त्या खोलीत स्वार्ट्झच्या मागे कोणीही नव्हते, आणि माझा आक्षेप या एकटेपणाला आहे. शिवाय त्याने निवडलेले लक्ष्यही मला चुकीचे वाटते. जेस्टोर ही ना-नफा संस्था आहे. अडतीस टक्के नफ्याचे दुकान दुसरीकडे होते.

विचित्र गोष्ट अशी, की संघटनेचे महत्त्व त्याला इतर कोणाहीपेक्षा चांगले कळले होते. खटला चालू असतानाच त्याने अमेरिकेतील सोपा नावाच्या विधेयकाविरुद्ध लोक उभे केले. चोरट्या प्रती रोखण्याच्या नावाखाली संपूर्ण संकेतस्थळे बंद पाडण्याची सोय त्या विधेयकात होती. त्याने काढलेली ‘डिमांड प्रोग्रेस’ ही संघटना सह्या गोळा करीत होती, प्रतिनिधींना दूरध्वनी करवीत होती, मतदारसंघांत लोकांना जागे करीत होती. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने दिवसभर आपली पाने काळी केली; दोनच दिवसांत विधेयक बाजूला ठेवावे लागले. त्यानंतरच्या एका भाषणात त्याने बजावले की हे विधेयक नाव बदलून पुन्हा येईल. हे वाक्य तंत्रज्ञाचे नाही, कार्यकर्त्याचे आहे. हार्वर्डच्या नीतिशास्त्र केंद्रात तो संस्थात्मक भ्रष्टाचाराचा अभ्यास करीत असे, आणि एका कायद्याच्या विद्यार्थिनीसाठी त्याने चार लाखांहून अधिक विधिविषयक लेख चाळून, कोणत्या उद्योगाच्या पैशातून कोणते संशोधन निघाले याचा माग काढून दिला होता. ज्ञान मोकळे हवे ते फुकट वाचायला मिळावे म्हणूनच केवळ नव्हे. विकले गेलेले ज्ञान ओळखता यावे म्हणूनही, हे त्यातून कळते.

त्याच्यामागे काय झाले? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून झालेले संशोधन १ जुलै २०२५ पासून प्रसिद्ध होताच सर्वांना खुले ठेवावे लागते. ही प्रगती आहे. पण प्रकाशकांनीही नाके बदलले. वाचकाकडचा टोल आता लेखकाकडे वसूल होतो. ‘नेचर’ने २०२१ मध्ये एका लेखासाठी साडेनऊ हजार युरो दर लावला. आपल्या विद्यापीठातील अध्यापकाने तो कोठून द्यावा? दुसरीकडे, बुद्धिमान यंत्रे शिकविण्यासाठी कंपन्यांनी लक्षावधी पुस्तके चोरट्या संग्रहांतून उतरवून घेतली. २०२५ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने सुमारे पाच लाख पुस्तकांबद्दल लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. तो दावा दिवाणी होता. एका तरुणाला तेरा फौजदारी आरोप आणि कंपनीला बिल, हा न्यायाचा तराजू नीट पाहून ठेवा.

आणि आपल्या घरचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेहून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील मुलाला जे आजवर दिसत नव्हते ते आता दिसेल, म्हणून मी तिचे स्वागत करतो. पण ही वर्गणी आहे, मालकी नाही. पैसे थांबले की फाटक बंद. योजना जाहीर झाली ती केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. विनाअनुदानित महाविद्यालयात शेत गहाण टाकून शिकणारा विद्यार्थी, जिल्ह्याच्या गावी वकिली करणारा कार्यकर्ता, आरोग्यकेंद्राबाहेरची परिचारिका, निवृत्त शिक्षक, हे त्या फाटकाबाहेरच राहिले. त्याच सहा हजार कोटींतील काही भाग भारतीय नियतकालिके मुक्तपणे काढण्यावर का खर्च होऊ नये, सरकारी पैशातून झालेला प्रत्येक लेख सार्वजनिक संग्रहात ठेवण्याचा कायदा का होऊ नये, आणि त्या संग्रहाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांना वेतन का मिळू नये, हे प्रश्न २०२७ च्या आत विधिमंडळात आणि संसदेत विचारले गेले पाहिजेत. तुमच्यापैकी ज्यांना संगणक येतो त्यांनी त्याचा मसुदा करायला बसावे. आकडे लागतील ते मी देईन.