प्रश्न दिवेलागणीचा आहे

2025च्या जूनमध्ये भारताची निम्मी वीजनिर्मिती क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुऊर्जा अशा बिगर-जीवाश्म साधनांची झाली. 2030चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. बातमी आनंदाचीच आहे. तरीही आपल्या घरात येणाऱ्या विजेतला दोनतृतीयांशाहून अधिक वाटा आजही कोळशाचा आहे.

असं कसं? तर क्षमता वेगळी आणि हाती पडणारी वीज वेगळी. 100 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची वर्षभराची सरासरी काढली, तर जेमतेम 20-25 मेगावॅट पदरात पडतात. दुपारी वीज उदंड, पण दिवेलागणीला घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. औष्णिक केंद्राचा बॉयलर एकदा थंड झाला की पुन्हा तापवायला कित्येक तास लागतात. म्हणून संध्याकाळच्या गरजेसाठी तो भर दुपारीही धगधगत ठेवावा लागतो. धूर काही थांबत नाही.

दुसरीकडे, ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. कौतुक जरूर करावं. (त्यांच्या दुकानांतला काही माल आता चीनच्या कोळशावर तयार होतो, हेही ध्यानात ठेवावं.) त्याच वर्षी जगाचा कोळशाचा वापर मात्र विक्रमी ठरला. जगाचा हिशेब केला, तर नवी ऊर्जा जुनीच्या जागी येत नाही, तिच्या जोडीला येते, हे खरं दुखणं आहे.

दिवेलागणीच्या अडचणीवरचा एक उपाय आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघरला कड्याच्या माथ्यावर एक जलाशय आणि खाली कोकणच्या बाजूला दुसरा. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी तेच खाली सोडून डोंगराच्या पोटातली जनित्रं फिरवायची. याला उदंचन म्हणतात. चढवायला लागते तितकी वीज परत मिळत नाही, पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक खर्ची पडतो. पण दुपारचं ऊन संध्याकाळी वापरता येतं, आणि माझ्या मते तोच सौदा फायद्याचा.

म्हणून यापुढे सरकारने सौरऊर्जेचे आकडे सांगितले, की साठवण किती, हेही विचारा. घाटघरची क्षमता 250 मेगावॅट आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची 2920.