विलिस गेली, जीप राहिली



नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत मार्गासनी लागते. राजगडावर जाणारी मंडळी येथून साखरमार्गे गुंजवण्याकडे वळतात. तेथे भाड्याची जी उंच, टणक गाडी मिळेल तिला सारे ‘जीप’च म्हणतात, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. हे नाव ज्या अमेरिकन कंपनीच्या गाडीने गावोगाव पोचविले, ती विलिस-ओव्हरलँड मात्र आज उरलेली नाही. तिची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

जॉन विलिस हा मूळचा सायकलींचा व्यापारी. 1907 च्या मंदीत ओव्हरलँड हा मोटारींचा कारखाना बुडू लागला, तो त्याने हाती घेतला आणि पुढे टोलेडो शहरी नेला. थोड्याच वर्षांत फोर्डच्या खालोखाल त्याचे नाव झाले. परंतु 1933 साली कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

तिला तारले युद्धाने. 1940 साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, आणि तिचा पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. 135 कारखानदारांना विचारणा झाली. विलिसने मुदत वाढवून मागितली. पेनसिल्व्हेनियातील बँटम नावाच्या चिमुकल्या कारखान्याने मात्र कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदतीच्या आत, गाडी लष्करापुढे उभी केली.

आणि लष्कराने काय केले? बँटमचे नकाशे विलिस व फोर्ड यांच्या हाती दिले! विलिसचे 60 अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले. तिने साडेतीन लाखांवर जीपगाड्या बांधल्या. बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे 2,700. पुढे तिला ट्रेलर बांधावे लागले. लाखो गाड्या पुरविणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते, हे खरे. तरीही आम्हांला हा व्यवहार गैर वाटतो.

1947 साली मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडण्यास प्रारंभ केला. तेव्हा पाटीवर ‘महिंद्र अँड महंमद’ असे नाव होते. गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि 1948 साली पाटी बदलली. जीप मात्र चालू राहिली. डोंगराळ मुलुखाला ती मानवली. घाटाच्या चढावर गाड्याला पुढे आणखी एक बैलजोडी जुंपावी, तशी तिची पुढची चाके चिखलात ओढीला लागत.

तिकडे 1953 साली कैसरने विलिस विकत घेतली आणि 1963 साली ते नावही पुसले. इकडे मात्र त्याच घडणीच्या गाड्या एकविसाव्या शतकातही तयार होत होत्या.

2017 पासून ‘जीप’ नावाची मोटार आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला, तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षी महिंद्रांनी जुन्या वळणाची ‘रॉक्सर’ अमेरिकेत मिशिगनमध्ये जोडून विकायला काढली. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी तक्रार केली, हे रूप आमचे! जून 2020 मध्ये व्यापार आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला. महिंद्रांनी गाडीचा तोंडवळा बदलला आणि बदललेल्या गाडीला आयोगाने त्याच वर्षाअखेर मोकळीक दिली. वाद पुढे न्यायालयातही चालला. त्यात बँटमच्या वतीने बोलायला कोणी उरलेले नव्हते.