मांडीवरचे मूल आणि आपली ज्ञाती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दत्तक हा शब्द उच्चारताच आपणांस संस्थानांचा इतिहास आठवतो. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्यास जाऊन सयाजीराव झाले. कागलचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापुरास येऊन शाहू छत्रपती झाले. त्या काळी गादीला, वतनाला, पिंडदानाला वारस हवा म्हणून मुलगा मांडीवर घेत. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पुढे २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर अनाथ व परित्यक्त बालकास कुटुंब मिळवून देणे हा दत्तकाचा हेतू म्हणून स्पष्ट लिहिला गेला. घरासाठी मूल शोधण्याचा काळ सरला. आता मुलासाठी घर शोधावयाचे आहे.

मूल मांडीवर घेणे हा एका दिवसाचा विधी होय. त्याला वाढविणे हे अठरा वर्षांचे व्रत आहे.

‘मोठे झाल्यावर सांगू’ असे पुष्कळ आईबाप म्हणतात. परंतु बारशाला, मुंजीला, लग्नाला जमणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी ते गुपित फोडल्यावाचून राहत नाही. आणि परक्याच्या तोंडून कळलेले सत्य मुलाला आईबापांचा खोटेपणा म्हणूनच प्रथम कळते. म्हणून तीन-चार वर्षांच्या वयातच, काऊचिऊच्या गोष्टीइतक्या सहजपणे, ‘आम्ही तुला घरी आणायला गेलो तो दिवस’ ही गोष्ट त्याला सांगावी.

सातआठ वर्षांचे मूल पुढचा प्रश्न विचारते: ‘मला जन्म देणारीने मला का दिले?’ येथे त्या माउलीची निंदा करू नये, कल्पित कथाही रचू नये. ठाऊक असेल ते वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे. ठाऊक नसेल तर तसे म्हणावे.

खरी कसोटी बारा-तेराव्या वर्षानंतर लागते. शाळेत वंशावळ काढावयास सांगतात. डॉक्टर घराण्यातील आजार विचारतात. आरशातला चेहरा कोणासारखा, याचे उत्तर घरात मिळत नाही. अशा वेळी रागाच्या भरात ‘तुम्ही माझे खरे आईबाप नाही’ हे वाक्य येते. ती कृतघ्नता नव्हे. या वयातली सगळीच मुले आईबापांशी भांडतात. या मुलाच्या हाती एक शस्त्र अधिक असते, इतकेच. तेव्हा ‘शेवटी रक्तावर गेला’ असे कोणी बोलले, तर पंधरा वर्षांचे संगोपन एका क्षणात मातीमोल होते. ‘तुझ्यावर उपकार केले’ हे शब्दही घरातून हद्दपार असावेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या जन्माचा शोध घेण्यासाठी मुलाला स्वतः अर्ज करता येतो. तो करावासा वाटला, तर आईबापांनी त्याच्यासोबत जावे. त्याने नाते तुटत नाही, दृढच होते.

आता ज्ञातीचे कर्तव्य. आईबापांनी कितीही केले, तरी लग्नाच्या वेळी ‘कुल कोणते? मूळ कोणाचे?’ असे आपण विचारतो आणि सारे उधळून लावतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेच्या पुत्रास, यशवंतास, दत्तक घेतले. त्याच्या जन्माची हकीकत उघड असताना १८८९ साली ज्ञानोबा ससाणे यांनी आपली कन्या त्याला दिली. पुढे यशवंतराव डॉक्टर झाले, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी देह ठेवला तो त्यांच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता. ससाण्यांनी जे तेव्हा केले, ते आपल्याला आज का करवू नये?

कायद्याने दत्तक अपत्य हे पोटच्या अपत्यासारखेच होय. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, आपल्या वधूवर-सूचीत दत्तक मुलामुलींपुढे आईबापांचेच कुल लिहावे, अन्य कोणताही शेरा मारू नये, आणि तसा ठराव याच संमेलनात करावा. आपल्या घरांत आज वाढत असलेली मुले उद्या त्या सूचीत आपले नाव शोधतील. ते त्यांना इतरांच्या बरोबरीने सापडावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.