काट्यावरचा आकडा



माझे सारे आयुष्य कापसाच्या व्यापारात गेले, त्यामुळे वाणिज्य शाखेच्या पदवीधरांपुढे उभा राहताच माझे मन खामगावच्या बाजाराकडे धाव घेते. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी तेथील एका पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली कीर्द लिहीत असे. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी एका शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली. काट्याने एक आकडा दाखवला आणि मला दुसराच, दोन मण कमी, लिहावयास सांगण्यात आले. मी मुकाट्याने लिहिला. त्या निरक्षर माणसाने माझ्या वहीवर अंगठा उठवला, मला रामराम केला आणि बैलांना पाणी दाखवावयास तो निघून गेला. पुढे ती नोकरी मी सोडली. परंतु ज्या संध्याकाळी सोडावयास हवी होती त्या संध्याकाळी नव्हे, हे शल्य आजही गेलेले नाही. आमच्या धंद्यात चोख लिहिणाऱ्यास अव्यवहारी म्हणण्याची रीत आहे, आणि तिची मला मनस्वी चीड आहे.

त्याच सुमारास दादाभाई नौरोजींचे चरित्र माझ्या हाती आले. त्यांना आपण पितामह म्हणून वंदन करतो, पण ते व्यापारी होते हे विसरतो. एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताची अध्यापकी सोडून १८५५ साली ते कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. अफू आणि मद्य यांतून येणारा नफा त्यांच्या सदसद्विवेकास मानवेना, तेव्हा त्या पेढीतून ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी कापसाची स्वतःची पेढी काढली. पुढे सरकारचेच आयात-निर्यातीचे तक्ते घेऊन, पेढीची खतावणी तपासावी तसा त्यांनी साऱ्या देशाचा हिशेब तपासला. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये निघाले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार त्याहून अधिक खर्च करते, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवून दिले. १८८८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी दादाभाईंच्या वर्णाचा जाहीर उपमर्द केला. तरीही १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाने त्यांना अवघ्या ५ मतांच्या आधिक्याने पार्लमेंटात पाठवले. तेथे ते तीनच वर्षे होते, तरी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा त्यांनी मांडलेला ताळेबंद सहज खोडण्याजोगा नव्हता. कारण तो सरकारच्याच आकड्यांवर उभा होता.

मित्रांनो, मागणे एवढेच. तुमच्यापैकी कित्येकजण उद्या हिशेबनीस होतील, कोणी पेढीचे धनी होतील, कोणी कदाचित संसदेतही बसतील. पुढ्यात वही येईल आणि कोणी वडीलधारा आकडा सांगेल, तेव्हा आधी काट्यापाशी जाऊन उभे राहा, आणि मगच लेखणी उचला.