वाशाचं टोक कुठे कापायचं?

कोकणात कौलारू घर उभं राहताना जाणता सुतार वाशांची खालची टोकं आधी कापत नाही. वीतभर जास्तच ठेवतो. सगळे वासे ठोकून झाले की दोन कडेच्या वाशांवर खुणा करायच्या, मध्ये सूत ताणायचं, ओळंबा धरून प्रत्येक वाशावर उभी रेघ मारायची आणि मग करवत लावायची. जांभ्याची भिंत इंच-दोन इंच वाकडी असली तरी वळचण सरळ दिसते. वासे जमिनीवरच मापात कापून वर चढवले, तर भिंतीचा वाकडेपणा थेट पागोळ्यांत उतरतो!

टोक किती पुढे न्यायचं, हे एकट्या सुताराच्या हातात नसतं. मंगलोरी कौल ओळीने बसतं. रिपा साधारण फुटाच्या अंतरावर असतात आणि अर्धी ओळ कुणी लावत नाही. त्यामुळे वळचण वाढते किंवा घटते ती एकदम फुटाने.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. पंचेचाळीस अंशांत झड आली, तर तीन फुटांची वळचण भिंतीचा वळचणीच्या टोकाखालचा तीन फूट भागच कोरडा ठेवते. बाकी भिंत भिजते. म्हणून तर पडवी आली, आणि उघड्या बाजूला झापांचा आडोसा.

उन्हाचा हिशेब मात्र सोपा. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेची भिंत पूर्ण सावलीत. डिसेंबरात तो पन्नास अंशांवर उतरतो आणि ऊन खिडकीतून आत येतं. पश्चिमेच्या भिंतीला वळचणीचा उपयोग थोडाच. कलतं ऊन तिच्या खालून शिरतं.

मग सगळीकडे चार-पाच फूट का काढू नये? वाऱ्यामुळे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि असंख्य घरांची छपरं गेली. वारा पुढे आलेल्या पाख्याखाली शिरून त्याला उचलतो, वरून खेचतोही. लांब वळचण हवी असेल, तर वासे नुसत्या खिळ्यांवर न सोडता भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने आवळावे लागतात.

पहिल्या पावसानंतर अंगणात पागोळ्यांची खड्ड्याखड्ड्यांची रेघ उमटते. ती जोत्याच्या फार जवळ असेल, तर चिखलाचे शिंतोडे भिंतीवर दिसतातच. तिथे फरशीचे तुकडे किंवा चिरे मांडायचे, आणि पुढच्या वेळी कौलांची एक ओळ वाढवायची.